ड्युएट आणि साइट-रीडिंग
मेट्रोनोम लावून एकट्याने वाचत गेलं की साइट-रीडिंग (आधी न पाहिलेलं नोटेशन बघून लगेच वाजवणं) सुधारतं, ड्युएट (दोघांनी मिळून वाजवणं) हवंच कशाला, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. मेट्रोनोम हे यंत्र फक्त ठोका देतं. जॅझमध्ये एट्थ नोट्स (अर्ध्या ठोक्याच्या नोट्स) कागदावर सारख्याच छापलेल्या असतात, पण स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या चालीत, जोडीतली पहिली लांब आणि दुसरी आखूड वाजते, आणि लय वाढली की हा फरक कमी होत जातो. नेमका किती, हे शेजारी बसून वाजवणाऱ्याकडूनच कानात उतरतं. शिवाय जोडीने वाजवताना चुकलं तरी थांबायची सोय नसते.

मी ट्रम्पेट वाजवतो, मित्र टेनर सॅक्स. दोन्ही बी-फ्लॅट वाद्यं (कागदावरचा सी वाजवला की बी-फ्लॅट ऐकू येतो), त्यामुळे एकच कागद चालतो (ऑल्टो सॅक्सला वेगळा लिहून घ्यावा लागेल). टेनर एक सप्तक खाली वाजतो, सरावाला त्याने काही बिघडत नाही. पहिल्या खेपेला मी खालचा भाग घेतो आणि मित्राचं टंगिंग (जिभेने नोट सुरू करणं) ऐकतो: ऑफबीटवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या नोटवर, जीभ, तिथून पुढच्या ठोक्यावर स्लर (जीभ न लावता जोडून), ओळीची शेवटची नोट तुटक. मग लगेच भाग बदलतो आणि तीच ओळ तशीच वाजवायचा प्रयत्न करतो. ही अदलाबदल जरूर करा, स्टाइल तिथेच सुधारते.