रात्री मोबाइलवर वाचलेलं सकाळी पेपरात परत का वाचायचं?

गोदाकाठ

महिन्याचं पेपरबिल बघून मुलगी म्हणाली, "बाबा, रात्री फुकट वाचलेलं सकाळी पैसे देऊन परत वाचता?" मला पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे आलोय. भांडायलाच आलोय असं म्हणा.

नाशिकरोडला सरकारी प्रेसमधून निवृत्त झालो, आता पंचवटीत असतो. सहाच्या सुमारास दारात पेपर आपटतो तेव्हा गॅसवर कॉफीचं दूध असतं. वर जायफळ किसायचं. आधी निधनवार्ता (वयाचा दोष), मग गंगापूर धरण किती टक्के भरलं ते, मग पहिलं पान.

माझं म्हणणं एवढंच की रात्री अकराला मोबाइलवर येते ती बातमी कच्ची असते. गोदेला पाणी आलं की दरवर्षी कुठला तरी जुना पुराचा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फिरतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी असतं आणि ग्रुपवर तो बुडालेला असतो. सकाळच्या पेपरात किती क्युसेक सोडलं त्याचा आकडा येतो. सात-आठ तास उशिरा येतो, पण त्या उशिराचेच मी पैसे देतो.

निफाडकर

काका, राग मानू नका, पण उशीर तुम्हाला परवडतो. आमच्या वस्तीवर पेपर साडेआठला येतो, तोवर ट्रॅक्टर लासलगावच्या कांदाबाजाराच्या वाटेला लागलेला असतो. ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री कांदा निर्यातबंदी आली. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला. मला रात्रीच ग्रुपवर कळलं म्हणून भरलेली ट्रॉली खळ्यातच ठेवली. पेपरच्या भरवशावर असतो तर हायवेवर अडकून बसलो असतो, आणि तिथे कॉफी मिळत नाही.

गोदाकाठ

हा मुद्दा बिनतोड आहे. पण मग त्याच बंदीतला फेब्रुवारी आठवा. १८ तारखेला 'बंदी उठली' असं सुटलं, १९ ला लासलगावचा भाव क्विंटलला १२८० वरून १८०० वर गेला आणि २० ला केंद्राकडून खुलासा आला की बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. घाईची किंमत कोणी मोजली?

निफाडकर

आम्हीच मोजली. पण काका, ती बातमी पेपरांनीही छापली होती! मंत्र्यांनीच सांगितलं म्हटल्यावर मोबाइल काय आणि पेपर काय. सात-आठ तास थंड झाली म्हणून चुकीची बातमी बरोबर होत नाही. बंदी प्रत्यक्षात उठली ४ मे २०२४ ला, तीसुद्धा ४० टक्के निर्यातशुल्क लावून. तोवर आमच्याकडचा लाल कांदा मातीमोल भावात गेला होता.

फिल्टरवाला

कांद्याचं चालू द्या. कॉफीत जायफळ?? कॉफी की श्रीखंड? कॉफी-चिकोरी ७०:३०, पितळी फिल्टर, रात्री लावून ठेवायची. बाकी चर्चेशी माझा संबंध नाही.

तिसरा कप

धागालेखकांनी वरचं वाक्य परत वाचावं: "गॅसवर कॉफीचं दूध असतं." ते आपोआप येऊन बसतं का?

आमच्याकडे पेपर सहाला येतो, माझ्या हातात दुपारी दोनला. तेव्हा त्यावर कपाचा गोल डाग असतो, पुरवणी दुसऱ्याच खोलीत असते आणि शब्दकोडं अर्धं चुकीचं सोडवलेलं असतं, तेही पेनाने. तरी मी पेपर बंद करू देणार नाही. मोबाइल मला तेच दाखवतो जे मी काल बघितलं. भाजीचे व्हिडिओ बघितले की भाजीच. पेपरात तपोवनातली झाडं तोडण्यावरून वाद चाललाय हे मी न मागता समोर आलं आणि म्हणून मी तिथे जाऊन उभी राहिले. पण 'सकाळची शांतता' वगैरे लिहू नका. ती शांतता कोणीतरी ओट्यापाशी उभं राहून तयार करतं.

सायकलवाला

मी बारावीपर्यंत कॉलेजरोडला पेपरची लाइन टाकली. चारला उठून सेंटरवर जायचं, पुरवण्या भरायच्या, पावसात प्लास्टिक, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नेम धरून फेकायचा. एक आजोबा पाच मिनिटं उशीर झाला तरी दारात उभे असायचे, हातात कप. शिव्या द्यायचे आणि दिवाळीला सगळ्यात जास्त पोस्त तेच द्यायचे.

आता माझे काका लाइन चालवतात. एप्रिल २०२० मध्ये सरकारने घरोघर पेपर टाकणं काही दिवस बंद केलं तेव्हा जी घरं सुटली, त्यातली बरीचशी परत आलीच नाहीत. लोकांना कळलं की पेपरशिवाय अडत नाही. तुमच्या मुलीचंही बहुतेक तेच झालंय.

वाचनकक्ष

बिल परवडत नसेल तर सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, या. १८४० ची संस्था आहे, सगळे पेपर टेबलावर असतात. क्रीडा पान मिळेलच असं नाही. कॉफी बाहेर.

गोदाकाठ

बिल परवडतं हो, मुलीला उत्तर देणं परवडत नाही.

निफाडकर, बाजारभाव मोबाइलवरच बघावा, हे मान्य. फेब्रुवारीचा दाखलाही माझ्यावरच उलटला. धरणाच्या आकड्यावर मात्र मी हटत नाही.

तिसरा कप, दूध कोण ठेवतं हे मी लिहिलं नव्हतं, कारण तुम्ही ओळखलंत तेच आहे. आज मी ठेवलं. उतू गेलं. तोवर पेपर 'तिकडे' गेला होता आणि मला पावणेनऊला मिळाला.

तिसरा कप

शब्दकोडं?

गोदाकाठ

सोडवलेलं. पेन्सिलने. सगळं बरोबर.