ब्लॅकबर्नची 2016-17 मधील घसरण: दोष दैवाचा की पुण्यातील मालकांचा?

लँकेशायरकर

एका परिचिताने पाठवलेली पोस्ट वाचून राहवले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. पोस्टचा आशय असा की, 7 मे 2017 रोजी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधील फुटबॉल क्लब केवळ दोन गोलांच्या फरकाने दुसऱ्या श्रेणीतून लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत, ढकलला गेला, तो निव्वळ दैवाचा घाला होता, आणि क्लबचे मालक असलेल्या, कोंबडीच्या धंद्यातल्या पुण्याच्या व्यंकीज समूहाला त्याबद्दल जे बोल लावले गेले ते मालक भारतीय असल्यामुळेच लावले गेले. ही दोन्ही विधाने मला मान्य नाहीत.

त्या दिवशी रोव्हर्सने ब्रेंटफर्डला त्यांच्याच मैदानावर 3-1 असे हरवले, पण नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचवर 3-0 अशी मात केली आणि बर्मिंगहॅमने ब्रिस्टलमध्ये 1-0 असा विजय मिळवला. रोव्हर्स आणि फॉरेस्ट या दोघांचेही 51 गुण झाले. गोलफरक मात्र रोव्हर्सचा उणे 12 आणि फॉरेस्टचा उणे 10. एवढेच पाहिले तर हळहळ वाटणारच. पण 46 सामन्यांत 12 विजय, 15 बरोबरी आणि 19 पराभव ही ज्या संघाची कमाई आहे, त्याने दोन गोलांकडे बोट दाखवू नये. मोसमाच्या तोंडावर ग्रँट हॅन्ली आणि शेन डफी हे मधल्या बचावफळीचे दोन्ही आधारस्तंभ विकले गेले. हक्काचा गोल करणारा जॉर्डन ऱ्होड्स त्याआधीच्या हिवाळ्यात मिडल्सब्रोला गेला होता. पहिल्याच सामन्यात नॉरिचने इवूड पार्क या रोव्हर्सच्या घरच्या मैदानावर येऊन 4-1 असे हरवले, तेव्हाच पुढचे चित्र दिसत होते. फेब्रुवारीत मॅनेजर ओवेन कॉइल यांना निरोप दिला तेव्हा संघ तेविसावा होता. नंतर आलेल्या टोनी मोब्रे यांनी 15 सामन्यांत फक्त 3 पराभव पत्करले. हाच बदल नाताळच्या सुमारास झाला असता तर ब्रेंटफर्डच्या सामन्यात दुसऱ्या मैदानांकडे कान लावून बसण्याची वेळ आली नसती. हा निर्णय मालकांच्या हातात होता आणि तो त्यांनी वेळेवर घेतला नाही.

हिशेबनीस

आपण खेळाडू विकल्याचा दोष मालकांना देता, पण विकण्याचे कारण सांगत नाही. आर्थिक शिस्तीचे नियम मोडल्याबद्दल डिसेंबर 2014 पासून साधारण वर्षभर क्लबवर खेळाडू विकत घेण्याची बंदी होती. 2012 मध्ये प्रीमियर लीगमधून बाहेर पडल्यानंतर मिळणारी पॅराशूट रक्कम 2016 मध्ये संपली. म्हणजे ज्या मोसमाबद्दल आपण बोलत आहात तो त्या पैशांविना काढलेला पहिलाच मोसम होता. 31 हजारांच्या मैदानात सरासरी 13 हजार माणसेही येत नसताना हॅन्ली आणि डफी यांना ठेवायचे कसे? मालकांनी तोपर्यंत दहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम कर्जरूपाने क्लबमध्ये ओतली होती. शेजारच्या बरीकडे पाहा. त्या क्लबची एका पौंडात विक्री झाली आणि ऑगस्ट 2019 मध्ये त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. रोव्हर्सचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार पुण्याहून येत राहिले, ही गोष्ट मला कमी महत्त्वाची वाटत नाही.

लँकेशायरकर

पॅराशूट रक्कम संपली हे खरे, पण ती कोणामुळे घ्यावी लागली? नोव्हेंबर 2010 मध्ये व्यंकीजने जुने मालक जॅक वॉकर यांच्या ट्रस्टकडून 2 कोटी 30 लाख पौंडांना क्लब घेतला तेव्हा तो प्रीमियर लीगमध्ये होता. महिन्याभरात मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढले, तेव्हा संघ तेरावा होता. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. ज्या एजंटाच्या कंपनीने खरेदी व्यवहारात सल्ला दिला होता, त्याच्याच मुलाला पुढे क्लबचा करार मिळाला. 2012-13 च्या एका मोसमात तात्पुरते धरून पाच जण मॅनेजरच्या खुर्चीत बसले. त्यांपैकी हेनिंग बर्ग यांना 57 दिवसांत घालवले आणि उरलेल्या कराराचे 22 लाख 50 हजार पौंड न्यायालयाच्या आदेशाने मोजावे लागले. ओतलेल्या रकमेतला किती भाग अशा निर्णयांची भरपाई करण्यात गेला, हा हिशेबही मांडावा. बरीपेक्षा बरे, ही तीन वेळा लीग जिंकलेल्या क्लबसाठी फारच खालची पट्टी आहे.

टेम्सकाठ

मी नोकरीनिमित्त तेव्हा पश्चिम लंडनमध्ये राहत होतो आणि ब्रेंटफर्डच्या ग्रिफिन पार्क मैदानावरच्या त्या सामन्याला पाहुण्या संघाच्या बाजूला उभा होतो. पहिल्या पंधरा-सोळा मिनिटांतच मलग्रू आणि गथ्री यांचे गोल झाले. अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडत होती आणि थोडा वेळ संघ वाचला असेच सर्वांना वाटत होते. पुढे नॉटिंगहॅमहून एकेक गोलाची बातमी येत गेली आणि माणसे खेळाकडे पाहायचे सोडून फोनकडे पाहू लागली. शेवटी कॉनवेने पेनल्टीवर तिसरा गोल केला तेव्हा माझ्या शेजारचा वृद्ध गृहस्थ टाळी न वाजवता तसाच उभा होता. त्या वेळी मी भारतीय आहे हे पाहून मला कोणीही वावगे बोलले नाही. घोषणा मालकांविरुद्ध होत्या, आणि त्या योग्यच होत्या.

कुक्कुटपालक

मला एका वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे. मे 2012 मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात, ज्यात 1-0 असे हरून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडले, प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ते दृश्य जगभर दाखवले गेले, आणि त्यानंतर कोंबडीवाले म्हणून मालकांची जी हेटाळणी सुरू झाली ती 2017 पर्यंत थांबली नाही. माझे कुटुंब दोन पिढ्यांपासून कोंबड्या पाळते. खाद्याचे भाव, रोगाची साथ आणि उन्हाळ्यातली मर या सगळ्यांतून आम्ही हा धंदा टिकवला आहे. भाकरी देणारा धंदा शिवीसारखा वापरलेला पाहिला की मला संताप येतो. जॅक वॉकर पोलादाचे व्यापारी होते, पण त्यांना कोणी पोलादवाला म्हणून हिणवले नाही. हा भेद रंगाचा नाही तर कशाचा आहे, ते लँकेशायरकरांनी सांगावे.

लँकेशायरकर

भेद कामगिरीचा आहे. वॉकर ब्लॅकबर्नचेच होते आणि त्यांच्या काळात 1995 मध्ये क्लब प्रीमियर लीग जिंकला. शिवाय कोंबडीचे नाते क्लबशी प्रेक्षकांनी जोडलेले नाही. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडी खात आहेत अशी जाहिरात 2011 मध्ये मालकांनीच करून घेतली होती. क्लबचा उपयोग कोंबडी विकण्यासाठी केल्यावर निषेधातही कोंबडी येणारच. आपल्या व्यवसायाचा मी अनादर करत नाही, परंतु त्याचा आधार घेऊन आपण मूळ प्रश्न बाजूला सारत आहात.

कुक्कुटपालक

बाजूला सारत नाही. निषेध व्हायला हवा होता, हे मीही म्हणतो. परंतु मैदानात घाबरून धावणारा जीव आणि त्यावर हसणारे हजारो लोक हा निषेध नव्हे. आपण तेथे राहता म्हणून तेथील प्रत्येक गोष्टीचे समर्थन करण्याची आपल्याला सवय जडली आहे असे दिसते.

लँकेशायरकर

हा वैयक्तिक आरोप आहे आणि तो मागे घ्यावा. त्या कोंबडीचे समर्थन करणारे माझे एक वाक्य दाखवा.

इवूडशेजारी

मी ब्लॅकबर्नजवळच्या एका रुग्णालयात बरीच वर्षे परिचारिका आहे, म्हणून या वादात थोडे बोलते. या गावात आणि परिसरात दक्षिण आशियाई वंशाची वस्ती मोठी आहे, आणि मे 2022 मध्ये इवूड पार्कच्या मैदानावरच ईदची नमाज झाली. हाच क्लब आणि हेच गाव सरसकट वर्णद्वेष्टे आहे असे म्हणणे मला पटत नाही. तरीही कुक्कुटपालकांचे म्हणणे मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. 2012 च्या आसपास बसमध्ये आणि बाजारात मालकांवरून मला काही शेरे ऐकावे लागले आहेत. ते बोलणारे फुटबॉलबद्दल बोलत नव्हते, हे ऐकणाऱ्याला कळते.

परंतु माझ्या शेजारच्या आजोबांबद्दलही सांगते. लहानपणी वडिलांबरोबर सुरू केलेले मोसमाचे तिकीट त्यांनी 2016 मध्ये सोडले. त्या वर्षी काही प्रेक्षक अठराव्या मिनिटाला आत शिरून पंचाहत्तराव्या मिनिटाला बाहेर पडत, कारण क्लबची स्थापना 1875 मधली. आजोबा तेवढ्यासाठीही गेले नाहीत. मालक सामन्याला दिसत नाहीत आणि कोणी काही विचारले तर उत्तर देत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. ते मला नेहमी लेकीसारखे वागवत आले आहेत. त्यांच्या रागाला वर्णद्वेष म्हटलेले मी सहन करणार नाही.

हिशेबनीस

आजोबांबद्दल आदर आहे, पण त्यांच्यासारखी हजारो माणसे घरी बसली म्हणूनच तिकिटांचे उत्पन्न घटले, आणि उत्पन्न घटले की खेळाडू विकावे लागतात. संघ घसरणीच्या कड्यावर असताना मैदान रिकामे ठेवणे ही संघाला केलेली मदत नव्हती.

इवूडशेजारी

ज्यांनी दोन विश्वयुद्धांतूनही टिकलेला क्लब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्यांनी गप्प बसून पैसे द्यावेत, एवढेच काय ते आपल्या लेखी त्यांचे काम दिसते. माझ्या शेजाऱ्यांनी तिकीट सोडले ते दुःखाने. आपण ताळेबंदात त्याची नोंद शोधत बसा.

टेम्सकाठ

बहिष्काराच्या बाबतीत मी हिशेबनीसांच्या थोडा जवळ आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. त्या मोसमात रोव्हर्सने घरच्या मैदानावर घालवलेले गुण पाहता, भरलेल्या इवूडचा संघाला निश्चित आधार झाला असता. फेब्रुवारीत मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एफए कपचा सामना झाला तेव्हा इवूडवर वेगळेच वारे होते. डॅनी ग्रॅहमने आधी गोल केला आणि संघ जेमतेम 2-1 असा हरला. मात्र त्यानंतर दोनच दिवसांत कॉइल गेले, म्हणजे त्यांना काढायला मालकांना वेळ मिळाला तो कपमधून बाहेर पडल्यावर. लीगमधली अवस्था तर कितीतरी आधीपासून सर्वांसमोर होती.

हिशेबनीस

ठीक आहे. दोन गोल केवळ दैवाने कमी पडले, असे मी म्हणणार नाही, आणि कॉइल यांना काढण्यात उशीर झाला, हेही नोंदवतो. कट्टर प्रतिस्पर्धी बर्नलीत नाव कमावलेल्या माणसाला ब्लॅकबर्नमध्ये आणताना स्थानिक भावनांचा विचार व्हायला हवा होता. परंतु पुढचे वर्ष आपण सारे सोयीस्करपणे विसरता. लीग वनमध्ये गेल्यावर मालकांनी संघ मोडीत काढला नाही. मोब्रे यांना ठेवले, जिलिंगहॅमहून ब्रॅडली डॅकला आणले, आणि 96 गुण मिळवून 2018 मध्ये संघ परत चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, आला. प्रीमियर लीग जिंकलेला आणि नंतर तिसऱ्या श्रेणीत गेलेला पहिला क्लब, एवढेच आपण सांगता. एका वर्षात परत आला, हे सांगत नाही.

कुक्कुटपालक

आणि अकादमीही सांगावी. तरुण खेळाडू घडवणारी क्लबची ब्रॉकहॉलची अकादमी त्या सगळ्या वाईट दिवसांत पहिल्या दर्जाची राहिली. ॲडम व्हार्टन हा खेळाडू तेथूनच पुढे आला. तो खर्च काही प्रेक्षकांनी केलेला नाही.

लँकेशायरकर

व्हार्टनही 2024 च्या हिवाळ्यात क्रिस्टल पॅलेसला विकला गेला, आणि त्याच मोसमात संघ पुन्हा शेवटच्या दिवसापर्यंत घसरणीच्या छायेत होता. लेस्टरमध्ये सॅमी स्मोडिक्सने दोन गोल केले म्हणून वाचला. त्या उन्हाळ्यात स्मोडिक्सही विकला गेला. सात वर्षांनी नेमके तेच घडले, म्हणून मी 2017 ला अपघात मानायला तयार नाही.

2018 बद्दल मात्र आपले म्हणणे मला मान्य करावे लागते. मालकांनी 2017 च्या उन्हाळ्यात जे केले ते बरोबर केले. पण ते काय होते ते नीट पाहा. मोब्रे यांना 2022 पर्यंत राहू दिले. सुरुवातीच्या वर्षांत दर काही महिन्यांनी मॅनेजर बदलणाऱ्या त्याच मालकांनी, त्याच पैशाने, एका जाणत्या माणसावर विश्वास टाकला आणि संघ सावरला. हे त्यांना डिसेंबर 2010 मध्येही करता आले असते.

हिशेबनीस

डिसेंबर 2010 मध्ये ॲलरडाइस राहिले असते तर काय झाले असते, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही.

लँकेशायरकर

तेराव्या क्रमांकावर असलेल्या संघाचा अनुभवी मॅनेजर मोसमाच्या मध्यावर काढण्याचे एक तरी फुटबॉलविषयक कारण आपण द्या, मग सिद्धतेबद्दल बोलू.