वाय-फाय शोधणाऱ्या फोनवर पाळत: विचारल्याशिवाय चालेल का?

उपटसुंभ
वाय-फाय चालू असलं की खिशातला फोन ओळखीचं नेटवर्क शोधत हाका मारत राहतो. पूर्वी त्या प्रत्येक हाकेत त्याचा कायमचा मॅक अॅड्रेस, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, असायचा. २०१३ मध्ये लंडनच्या सिटी भागात रिन्यू नावाच्या कंपनीने कचरापेट्यांत यंत्रं बसवून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनचे हे पत्ते टिपले. बोभाटा झाल्यावर पालिकेने ते थांबवायला सांगितलं. माझं मत स्पष्ट आहे: आधी विचारा, मग टिपा.

लोकलकर
जाहिरातवाले आणि रेल्वे एकाच मापाने मोजू नका. लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१६ मध्ये ५४ स्टेशनांवर चार आठवडे हेच केलं, फलक लावून. किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला लोक निदान १८ वाटांनी जातात हे त्यातून कळलं. तिकिटावरून फक्त कुठे आत शिरला आणि कुठे बाहेर पडला तेवढंच कळतं. दादरच्या पुलांसाठी असं कुणी करणार असेल तर माझा फोन खुशाल मोजा.

उपटसुंभ
१८ वाटा कळल्या म्हणजे तोच फोन स्टेशनागणिक ओळखला. याला गर्दी मोजणं म्हणत नाहीत, माग काढणं म्हणतात.

राउटरताई
भांडा, पण चालू काळातलं भांडा. २०१४ च्या आयओएस ८ पासून आयफोन शोधताना बनावट पत्ता वापरू लागला. अँड्रॉइड १० पासून नेटवर्कला जोडतानाही तसंच. अर्थात हे चिलखत अभेद्य नाही. २०१७ मध्ये अमेरिकी नौदल अकादमीच्या संशोधकांनी विशिष्ट संदेश पाठवून फोनकडून खरा पत्ता वदवून घेतला होता.

आणखी एक. 'राउटरचं नाव लपवा, सुरक्षित राहाल' हा सल्ला अजून फिरतोय. नाव लपवलं की राउटर ते जाहीर करत नाही, म्हणून फोनलाच ते नाव घेऊन हाक मारावी लागते, तीही घरापासून कोसभर लांब! त्या नावावरूनच फोन ओळखू येऊ शकतो, मग बनावट पत्त्याचा इथे काय उपयोग? कृपा करून नाव उघडं ठेवा आणि पासवर्ड दणकट ठेवा.

लोकलकर
हे पटलं. पण फलक असताना ज्याला नको त्याने वाय-फाय बंद करावं, एवढं सोपं आहे.

राउटरताई
नाही ना! अँड्रॉइडवर वाय-फाय बंद केलं तरी लोकेशनसाठीचं स्कॅनिंग चालू राहू शकतं. त्याचं बटण वेगळं, लोकेशनच्या सेटिंगमध्ये. गाडी पकडायच्या घाईत फलक वाचून तिथवर कोण जाणार?