मदत हवी आहे: बाबांना पॅरालिसिस, घड्याळातल्या एचआरव्हीवरून रिकव्हरी कळते का?

नमस्कार, सोलापूरहून लिहितोय, अशोक चौकाजवळ राहतो. बाबा 63 वर्षांचे, सगळा जन्म लूमवर गेला. 9 दिवसांपूर्वी पहाटे डाव्या हातातली कपबशी निसटली आणि तोंड वाकडं झालं. शेजारचे म्हणत होते आधी झाडपाला देऊ, आईने कुणाचं ऐकलं नाही, रिक्षात घातलं, साडेचार तासांच्या आत पोचलो म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तरी मिळालं. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला मार आहे, इन्सुला नावाचा भाग पण त्यात आलाय.

आता प्रश्न असा की दादाने पुण्याहून येताना त्याचं स्मार्टवॉच आणलं आणि बाबांच्या उजव्या मनगटाला बांधलं, त्यात रोज सकाळी एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं त्याचा आकडा) दिसतं, 17, 14, 19 असं. दादाचं स्वतःचं 52. त्याने नेटवर वाचलंय की स्ट्रोकनंतर हे कमी असलं की माणूस नीट सुधारत नाही. झालं, 14 आला त्या दिवशी आई जेवली नाही ओ. राउंडला विचारलं तर "घड्याळ काढून ठेवा" एवढंच बोलून डॉक्टर पुढच्या बेडला.

मला कळलं ते असं की दोन ठोक्यांमधलं अंतर मिलीसेकंदात कमीजास्त होत असतं, ते जेवढं हलतं तेवढं बरं, आणि इन्सुला बिघडला की ठोक्यांवरचा हा कंट्रोल पण बिघडतो. पण बाबांना 12 वर्षं शुगर आहे, बीपीला मेटोप्रोलॉल चालू आहे, मग यातलं स्ट्रोकमुळं किती आणि आधीचंच किती?

प्रतिसाद 1:
मी फिजिओ आहे. आधी ती 52 शी तुलना बंद करा, वयानं आणि जुन्या शुगरनं एचआरव्ही उतरतंच, मेटोप्रोलॉलनं पण आकडा बदलतो. घड्याळ मनगटातली नाडी लाइटनं बघतं, तो ईसीजी नाही. 1996 साली युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी मोजायचे नियम ठरवले, 5 मिनिटांचं किंवा 24 तासांचं ईसीजी रेकॉर्डिंग, आणि या दोन्हींचे आकडे एकमेकांना लावायचे नाहीत. कमी एचआरव्ही आणि पुढचं अपंगत्व यांचा संबंध अभ्यासात दिसलाय, पण तो बऱ्याच पेशंटचा मिळून, तुमच्या बाबांचा त्या एका दिवशीचा 14 म्हणजे निकाल नव्हे. एट्रियल फिब्रिलेशन आहे का ते मात्र नक्की विचारा, त्यात ठोकेच वेडेवाकडे पडतात, एचआरव्ही उगाच जास्त दिसतं आणि रक्त पातळ करायची गोळी पण वेगळी लागते. आणि हो, उठवताना डावा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.

धागाकर्ता:
धन्यवाद मॅडम की सर जे असाल ते. विचारलं, उद्या 24 तासांचं होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी घेणारं छोटं मशीन) लावतायत. घड्याळ दादाच्या बॅगेत गेलं, तो फुगलाय जरा. आज बाबांच्या डाव्या हातात टॉवेलचा सुटलेला दोरा दिला तर अंगठा आणि शेजारचं बोट हललं, लूमवर तुटलेल्या धाग्याला गाठ मारतात ना तसं, दोनदा. गाठ काय बसली नाही. हे चांगलं लक्षण धरायचं का?