वायरलेस ओबीडी ॲडॅप्टर कोणता घ्यावा? आत्ताचा मधेच तुटतोय

किल्लीवाला:
नमस्कार मंडळी. माझ्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो, काही दिवसांनी आपोआप विझतो, पुन्हा लागतो. गॅरेजला न्यावी तर नेमका तेव्हा गेलेला असतो. दोषाचा कोड स्वतःच वाचावा म्हणून गाडीच्या ओबीडी सॉकेटला (इंजिनचे दोष वाचायचं सॉकेट) लावायचा एक छोटा ब्लूटूथ डोंगल, म्हणजे ॲडॅप्टर, घेतला. अँड्रॉइडवर टॉर्क ॲपमध्ये आरपीएम, कूलंटचं तापमान व्यवस्थित दिसतं. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) मात्र अर्धवट येतो, एबीएस दिसतच नाही आणि कनेक्शन मधेच जातं. बायकोच्या आयफोनला तर तो सापडतच नाही. डब्यावर ‘ईएलएम ३२७ व्हर्जन १.५’ छापलंय. दोन्ही फोनवर भरवशाने चालेल असा एक हवाय. वायफायचा घेऊ का?

घाटवळण:
वायफायचा नको. फोन त्याच्या वायफायला जोडला की बऱ्याचदा इंटरनेट बंद होतं. कोडचा अर्थ शोधायचा तर पुन्हा नेटवर्क बदला. ब्लूटूथच बघा.

मल्टीमीटर:
गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते १.५. ईएलएम ३२७ ही अशा डोंगलमधली, गाडीशी बोलणारी चिप. ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीने १.५ अशी आवृत्ती कधी काढलीच नाही. १.४ नंतर एकदम २.० आली. म्हणजे तुमच्याकडे नक्कल आहे. आणि ती कंपनी २०२२ मध्येच बंद झाली, तेव्हा यापुढे डब्यावरच्या व्हर्जनवर जाऊच नका.

व्हीआयएन अर्धवट का येतो? कॅनच्या (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या) एका फ्रेममध्ये, म्हणजे एका संदेशात, डेटाचे ८ बाइट मावतात. आरपीएम त्यात आरामात बसतो, म्हणून तो कुठल्याही डोंगलवर दिसतो. व्हीआयएन १७ अक्षरांचा. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पहिला तुकडा पाठवून थांबतो, ॲडॅप्टरने ‘पुढचं पाठव’ असा निरोप दिला की मगच बाकीचे तुकडे सोडतो. हा निरोप नीट गेला नाही किंवा ॲडॅप्टरचा बफर (तात्पुरती मेमरी) तोकडा असला की उत्तर तुटतं. एबीएस, एअरबॅगची उत्तरं बरेचदा अशीच लांब असतात, शिवाय त्यांचे पत्ते वेगळे. त्यामुळे ॲडॅप्टर पारखायचा तो लांब उत्तरांवर. आरपीएमचा काटा हलला म्हणून तो चांगला ठरत नाही.

घरीच तपासा. ब्लूटूथ टर्मिनलचं कुठलंही ॲप घ्या आणि ‘एटी आरव्ही’ कमांड टाइप करा. ॲडॅप्टर व्होल्टेज सांगेल. त्याच वेळी बॅटरीवर मल्टीमीटर लावून आकडा ताडून बघा. मग ‘एसटीआय’ टाका. एसटीएन (ईएलएमला पर्याय असलेली) चिप असेल तर ती आपलं नाव आणि फर्मवेअर सांगते, नक्कल नुसतं प्रश्नचिन्ह परत पाठवते.

आयफोनचं म्हणाल तर ॲपला साध्या ब्लूटूथचा सीरियल मार्ग तिथे खुला नसतो. बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) लागतं, नाहीतर ॲपलची मान्यता असलेलं उपकरण. तुमच्या गरजेला ओबीडीलिंक सीएक्स (बीएलई) किंवा एमएक्स प्लस. दोन्हींत एसटीएन चिप आहे आणि दोन्ही फोनवर चालतात. स्वस्तात हवा तर व्हीगेट आयकार प्रोचा बीएलई प्रकार. ॲप म्हणून कार स्कॅनर दोन्हीकडे मिळतं. बीएलई ॲडॅप्टर आयफोनच्या सेटिंग्जमधून पेअर करायचा नाही, थेट ॲपमधून जोडायचा.

एक काळजी घ्या. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला किल्ली काढली तरी करंट असतो. स्लीप मोड नसलेला डोंगल गाडी बरेच दिवस उभी असताना तसाच ठेवू नका, बॅटरी उतरते. शिवाय ‘१२३४’ अशा सोप्या पासवर्डवर कोणीही जोडलं जाईल असा डोंगल कायम लावून ठेवणं मला पटत नाही. एमएक्स प्लसवर पेअरिंगसाठी बटण दाबावं लागतं, तो प्रकार चांगला.

आणि हो, दिवा विझला म्हणजे कोड गेला असं नाही! सलग ३ ड्राइव्ह सायकल (गाडी सुरू करून चालवून बंद करण्याच्या फेऱ्या) दोष दिसला नाही की दिवा जातो, कोड मात्र साधारण ४० वॉर्मअप सायकल (थंड इंजिन गरम होण्याच्या फेऱ्या) मेमरीत राहतो. आत्ताच्याच डोंगलने स्टोअर्ड (पक्के नोंदलेले) आणि पेंडिंग (अजून पक्के न झालेले) दोन्ही कोड वाचा. फ्रीझ फ्रेमचा (दोष आला त्या क्षणीच्या आकड्यांची नोंद) स्क्रीनशॉट काढा. ‘क्लिअर’ इतक्यात दाबू नका, फ्रीझ फ्रेम पुसली जाते.

किल्लीवाला:
मनापासून आभार दादा. मल्टीमीटरवर १२.६, डोंगल म्हणतो ११.८. एसटीआयला प्रश्नचिन्हच आलं. आणि दिवा बंद असतानाही कोड सापडला, पी ०१७१! सीएक्स मागवतोय. तोवर काय बघू?

मल्टीमीटर:
पी ०१७१ म्हणजे बँक १ मध्ये (इंजिनच्या सिलिंडरांची पहिली रांग) मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इंजिन गरम करून लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) बघा. त्याचं उत्तर एका फ्रेममध्ये येतं, या डोंगलवरही दिसेल. आयडलला ट्रिम बराच वर आणि रेस २५०० आरपीएमवर धरल्यावर खाली येत असेल, तर इनटेकला कुठेतरी हवेची गळती आहे, व्हॅक्यूमचे पाइप आधी तपासा. रेस वाढवल्यावरही तो वरच राहिला किंवा आणखी चढला, तर फ्युएल प्रेशर आणि एअर फ्लो सेन्सरकडे वळा. दोन्ही आकडे इथे टाका, मग पुढचं बघू.