मदत हवी आहे: विद्यार्थ्यांना प्रत्येक काळी छाया गळूच वाटते

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दातांचे एक्सरे काढायला आणि वाचायला शिकवते. काढणं आता जमतं. फिल्म धरणारा होल्डर लावून फँटमवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर) सराव झाला की दात लांबट किंवा आखूड येणं बरंच कमी होतं. घोडं अडतं ते वाचताना.

परवाचंच बघा. खालच्या दुसऱ्या प्रीमोलरच्या (सुळ्यामागच्या छोट्या दाढेच्या) मुळाच्या टोकाशी गोल काळी छाया. बहुतेक जण ‘पेरिएपिकल लीजन (मुळाच्या टोकाशी आजार), रूट कॅनाल’ लिहून मोकळे! दात धडधाकट, थंडाच्या चाचणीला व्यवस्थित प्रतिसाद, टोकाभोवती लॅमिना ड्यूराची (मुळाभोवतीच्या हाडाच्या पातळ थराची) पांढरी रेघ अखंड. ते मेंटल फोरामेन होतं, म्हणजे नस बाहेर पडायचं जबड्यातलं नैसर्गिक छिद्र. ट्यूब आडवी सरकवून घेतलेल्या दुसऱ्या एक्सरेत छाया मुळापासून बाजूला गेलेली दाखवली, तेव्हा कुठे पटलं.

वाचनाचा क्रम ठरवून दिलाय: आधी क्राउन (दाताचा तोंडात दिसणारा भाग), मग हाडाची कड, दात हाडाला धरून ठेवणाऱ्या लिगामेंटची जागा, शेवटी टोक. मी शेजारी उभी असले की पाळतात, परीक्षेत नजर थेट काळ्यावर. नॉर्मल रचनांचा तक्ताही पाठ आहे, पण नुसता पाठच.

एकच स्क्रीन आहे, आठवड्याला एक तास मिळतो. केवळ सरावासाठी कुणाचाही एक्सरे काढणार नाही, हे वेगळं सांगायला नको. नावं काढलेला जुना संग्रह मात्र भरपूर आहे.

तर नॉर्मल आणि आजाराचे एक्सरे पहिल्यापासून मिसळून दाखवावेत, की आधी काही आठवडे फक्त नॉर्मलच? आणि निदानाआधी दिसतंय त्याचं वर्णन लिहायची सवय तुम्ही कशी लावलीत?