विचरण : आयन सुटतात की फिरतात?

प्रश्न
बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात एलसीडी पडद्यावर दिवसभर एकच भावयादी असते. रात्री पडदा करडा केला की त्याच ओळी पुसट दिसत राहतात. दुरुस्तीवाला म्हणाला, आत आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, साचलेत. मुलासाठी टिपण लिहिताना मी लिहिलं, ‘द्रवस्फटिकात (एलसीडीच्या काचांमधल्या द्रवात) आयनांचे विचरण होते’, म्हणजे ते इकडून तिकडे जातात. पुण्याची भाची म्हणाली, मामा, विचरण म्हणजे ते नव्हे. मग काय?

उत्तर
काका, ‘रानात विचरणारे हत्ती’ म्हणतो तो अर्थ तुमच्या मनात होता, आणि तो खराच आहे. पण रसायनाच्या पुस्तकात विचरण म्हणजे सुटे होणे : मीठ पाण्यात पडलं की सोडियम आणि क्लोराइडचे आयन वेगळे होतात, तसं. पडद्यात दोन्ही घडतं, म्हणून शब्द वेगळे ठेवायला हवेत. द्रवस्फटिक स्वतः फारसे आयन देत नाही. ते येतात बनवताना राहिलेल्या अशुद्धीतून, कडा बंद करणाऱ्या गोंदातून, काचेवरच्या अस्तरातून; अतिनील प्रकाशानेही रेणू तुटतात. हे झालं विचरण. सुटलेले धन-ऋण आयन भेटले की पुन्हा जुळतातही.

पुढचं ते सरकणं. दोन काचांमधली फट केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वीज एकाच दिशेने राहिली तर आयन लगेच पलीकडच्या काचेला पोहोचतील, म्हणून विजेची दिशा सतत उलटवतात, आयन जागच्या जागी हेलकावतात. दिशा जराशी जरी एकीकडे झुकलेली राहिली, तरी धन आयन ऋणाग्राकडे, ऋण आयन धनाग्राकडे सरकून काचेलगत बसतात. त्यांचं स्वतःचं विद्युतक्षेत्र बाहेरून दिलेल्या विद्युतदाबाला विरोध करतं. चित्र बदललं तरी आयन लगेच हलत नाहीत, म्हणून तुमची भावयादी उमटून राहते.

आणखी एक
‘आयन’ या शब्दातच चालणं आहे. फॅरडेने 1834 साली तो ग्रीक ‘जाणे’ या क्रियापदावरून घेतला. आपल्या संस्कृतातल्या ‘एति’ (जातो), ‘अयन’ (जाणे) यांचा धातू त्याचाच सगोत्र. संक्रांतीला आपण बडोदेकर ‘उत्तरायण’ म्हणतो, त्यातलं अयन तेच. आयन अयनावरून आला असं मात्र लिहू नका, ते चुलत भाऊ.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. वाक्य असं करतो : ‘भेसळीच्या रेणूंचे विचरण होऊन आयन सुटतात, आणि वीज एकाच बाजूला झुकली तर सरकून काचेलगत साचतात.’

उत्तर
छान. फक्त ‘भेसळ’ काढा. भेसळ कुणीतरी मुद्दाम करतो. इथे ‘अशुद्धी’.